चोरट्या प्रतीचें मोल

चोरी म्हणजे काय, हें लहान मुलालाहि समजावून सांगावें लागत नाहीं. शेजाऱ्याच्या झाडाचा आंबा आपण तोडला तर त्याच्या झाडावरचा एक आंबा कमी होतो. वाण्याच्या दुकानांतून गुळाचा खडा उचलला तर त्याची ढेप तेवढी लहान होते. धन्याचें जें गेलें तेंच चोराला मिळालें, असा हा सरळ हिशेब आहे, आणि मनुष्याची नीतिबुद्धि हजारों वर्षें याच हिशेबावर पोसली आहे. परंतु जिची नक्कल केली असतां मूळ वस्तु जागच्या जागीं जशीच्या तशी राहते, अशा वस्तूपाशीं आलें कीं ही बुद्धि गोंधळते. ज्याचें कांहींच नाहींसें झालें नाहीं, त्याचें आपण काय चोरलें, असा प्रश्न ती विचारते. आणि उत्तर सुचत नाहीं म्हणून गप्प बसते.

चित्रकाराचा कुंचला, जुळाऱ्याचे खिळे, संगीतकाराचें वाद्य व चित्रपट जुळविणाऱ्याची कात्री हीं सर्व साधनें पूर्वीं दुकानांतून विकत आणावीं लागत. आज यांपैकीं बहुतेकांचें काम संगणकांतील आज्ञावली, म्हणजे रूढ भाषेंत सॉफ्टवेअर, करूं लागलें आहे. आणि त्याची नक्कल करण्यास क्षणभरहि पुरतो. ज्या घरांत वाण्यानें चुकून दिलेले जास्तीचे दहा रुपये परत करण्यासाठीं मुलाला पुन्हां पिटाळलें जातें, त्याच घरांतील कलाशाळेंत जाणारी मुलगी मित्राच्या पेनड्राइव्हवरून कुलूप फोडलेलें, म्हणजे ‘क्रॅक’ केलेलें, सॉफ्टवेअर आणते आणि कोणाच्याहि मनाला कांहीं टोंचत नाहीं. हा ढोंगीपणा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. वर सांगितलेला बुद्धीचा गोंधळच त्याच्या मुळाशीं आहे. तथापि या गोंधळाला इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत चोरट्या प्रतीची खरी किंमत कोणीं भरली हें स्पष्ट नोंदलेलें आहे. तेवढें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु होय.

नकलेचा हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला नाहीं. तो छापखान्याबरोबर आला. इंग्लंडांत १७१० सालीं ॲन राणीच्या कारकीर्दींत जो कायदा झाला, त्यानें ग्रंथावरील हक्क प्रथमच ग्रंथकाराच्या नांवें मान्य केला. आणि तोहि कायमचा न ठेवतां, कांहीं वर्षांच्या मुदतीपुरता. मुदत संपली कीं ग्रंथ सर्वांचा. ग्रंथकाराला श्रमाचें फळ मिळावें व समाजालाहि अखेर ग्रंथ मिळावा, अशी ही दुहेरी सोय होती. आपल्याकडे कंपनी सरकारनें १८४७ सालीं असाच कायदा करून ग्रंथकाराला त्याच्या हयातीपर्यंत व पुढें सात वर्षें हक्क दिला. ही मुदत बेचाळीस वर्षांहून कमी भरली तर बेचाळीस वर्षांपर्यंत. म्हणजे ज्या काळांत मराठी गद्य नुकतें कोठें उभें राहात होतें, त्याच काळांत लिहिणाराचा हक्क ही कल्पनाहि येथें येऊन पोहोंचली होती.

परंतु खरा बोधप्रद अध्याय घडला तो अमेरिकेंत. त्या देशानें १७९० सालीं ग्रंथहक्काचा जो कायदा केला, त्यांत संरक्षण फक्त आपल्या नागरिकांना व रहिवाशांना दिलें. परदेशी ग्रंथकाराचें पुस्तक वाटेल त्यानें छापावें, त्याला दमडी देण्याची गरज नाहीं. लंडनमध्यें तीन खंडांची नवी कादंबरी साडेएकतीस शिलिंगांना विकली जात असतां अटलांटिकच्या पलीकडे तीच कादंबरी अगदीं क्षुल्लक किंमतीस घरोघर जाऊं लागली. चार्ल्स डिकन्स १८४२ सालीं अमेरिकेस गेला तेव्हां लोकांनीं त्याला डोक्यावर घेतलें. मात्र मेजवान्यांच्या भाषणांत त्यानें ग्रंथहक्काची गोष्ट काढतांच वृत्तपत्रें त्याच्यावर उलटलीं. पाहुण्यानें पैशाच्या गोष्टी बोलाव्यात हें त्यांना अनुदार वाटलें! स्वदेशीं तरी त्याचें काय झालें? १८४३ च्या नाताळांत निघालेल्या ‘ख्रिसमस कॅरोल’ची चोरटी आवृत्ति पुढच्याच महिन्यांत लंडनमध्यें निघाली. डिकन्सनें दावा लावला, तो जिंकला, चोरट्यांनीं दिवाळें काढलें, आणि सुमारें सातशें पौंडांचा खर्च विजयी वादीच्याच अंगावर पडला.

अमेरिकन वाचकांचा यांत फायदा झाला नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. गरीब शेतकऱ्याच्या घरीं उत्तम इंग्रजी वाङ्मय पोहोंचलें, लोक वाचूं लागले, हें खरें आहे. मग नुकसान कोणाचें झालें? डिकन्सचें कांहीं झालें असेल. पण तो एवढ्यानें कांहीं भिकेस लागला नाहीं. खरा बळी पडला तो अमेरिकेचा स्वतःचा लेखक. प्रकाशकाला डिकन्स फुकट छापतां येत असेल तर त्यानें स्वदेशांतील नवख्या ग्रंथकाराला मोबदला देऊन त्याचें पुस्तक कां काढावें? एडगर ॲलन पो यानें १८४५ सालीं हीच तक्रार कडवटपणें मांडली होती. परदेशी ग्रंथांना संरक्षण देणारा कायदा तेथें व्हावयास १८९१ साल उजाडलें, आणि त्यासाठीं ज्यांनीं दीर्घकाळ खटपट केली त्यांत अमेरिकन ग्रंथकारच आघाडीवर होते. परक्या धनिकाच्या मालाची फुकट नक्कल झाली कीं आपल्या घरच्या कारागिराचा माल विकला जात नाहीं. हें सूत्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें तें पुन्हां पुन्हां उपयोगीं पडणार आहे.

आतां संगणकाकडे वळूं. अमेरिकेंतील एका मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकांत ‘अल्टेअर ८८००’ नांवाच्या यंत्राची माहिती प्रसिद्ध झाली. सुटे भाग घरीं मागवून स्वतः जोडावयाचें हें यंत्र चारशें डॉलरांच्या आंत मिळे. यंत्र आलें, पण त्याला कामाला लावणारी भाषा हवी होती. ती ‘बेसिक’ भाषा बिल गेट्स, पॉल ॲलन व माँटी डेव्हिडॉफ या तरुणांनीं त्यासाठीं रचून दिली. ती मिळत असे कागदी फितीवर भोंकें पाडून. जून १९७५ मध्यें पालो आल्टो येथील एका हॉटेलांत या यंत्राचें प्रदर्शन चाललें असतां तेथून एक फीत कोणीतरी उचलली. तिच्या पन्नासेक प्रती डॅन सोकोल या गृहस्थानें जलद यंत्रावर काढल्या, आणि ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ या हौशी मंडळींच्या सभेंत त्या वाटल्या. अट एकच: एक फीत नेणारानें पुढच्या वेळीं दोन आणाव्यात. चक्रवाढ व्याजानेंहि लाजावें असा हा प्रसार होता.

या मंडळींची बाजूहि ऐकली पाहिजे. यंत्र विकणाऱ्या कंपनीनें ‘बेसिक’ची किंमत अशी ठेवली होती कीं तिचेच स्मृतिफलक घेतल्यास ती पाऊणशें डॉलरांना मिळे, नुसती घेतल्यास पांचशें पडत, आणि ते फलक तर सदोष निघत. कित्येकांनीं पैसे आधींच भरले होते व माल हातीं आला नव्हता. सबब त्यांना आपण चोरी करीत आहों असें न वाटतां, दडवून ठेवलेलें आपण बाहेर काढीत आहों असें वाटलें. याला उत्तर म्हणून वीस वर्षांच्या गेट्सनें ३ फेब्रुवारी १९७६ रोजीं हौशी लोकांस उद्देशून एक अनावृत पत्र लिहिलें. अल्टेअर घेणारांपैकीं शेंकडा दहांनींसुद्धां ‘बेसिक’ विकत घेतलें नाहीं. तें तयार करतांना चाळीस हजार डॉलरांहून अधिक किंमतीचा संगणकाचा वेळ खर्ची पडला. आणि मिळालेल्या मोबदल्याचा हिशेब केला तर आमच्या श्रमाला तासाला दोन डॉलरहि पडले नाहींत, असें त्याचें म्हणणें होतें. यंत्राला पैसे द्यावयाचे आणि बुद्धीला द्यावयाचे नाहींत, हा कोठला न्याय, असा त्या पत्राचा रोख होता.

त्या पत्रावर गदारोळ पुष्कळ झाला. पण आम्हांस त्यावरील दोन शांत उत्तरें अधिक महत्त्वाचीं वाटतात. त्याच सुमारास एका लोकसंस्थेच्या प्रेरणेनें ‘टायनी बेसिक’ ही छोटी भाषा निघाली. तिची घडण उघडपणें छापून वाटली गेली, आणि ती ज्याला हवी त्यानें घ्यावी, सुधारावी, अशी रचणारांचीच इच्छा होती. दुसरें उत्तर टॉम पिटमन यानें दिलें. त्यानें स्वतःची ‘टायनी बेसिक’ १९७६ सालीं अवघ्या पांच डॉलरांना विकावयास काढली. किंमत वाजवी असली तर लोक पैसे देतात कीं नाहीं, हें त्याला पाहावयाचें होतें. लोकांनीं पैसे दिले. प्रश्न कायद्यानें नीट हातीं घेण्यापूर्वींच (अमेरिकेंत तो कायदा १९८० सालीं झाला) सज्जन मनुष्याला मोकळे असलेले दोन मार्ग येणेंप्रमाणें दिसून आले होते: ज्याचें आहे त्यानें खुषीनें दिलेलें घ्यावें, अथवा वाजवी किंमत देऊन विकत घ्यावें. चोरटी प्रत ही या दोहोंतहि बसत नाहीं.

कलावंताच्या कामाचीं मोठीं सॉफ्टवेअरें यानंतर आलीं. त्यांतील सर्वांत प्रख्यात असें ‘फोटोशॉप’ हें एका विद्यार्थ्याच्या फावल्या वेळांतून निघालें आहे. मिशिगन विद्यापीठांत संशोधन करीत असलेल्या थॉमस नोल यानें १९८७ सालीं करड्या छटांचीं चित्रें पडद्यावर दाखविणारी एक आज्ञावली लिहिली; चित्रपटांच्या करामतींत काम करणाऱ्या त्याच्या भावानें, जॉननें, तिला वाढविण्यास मदत केली; पुढें ‘ॲडोबी’ कंपनीनें ती घेतली आणि फेब्रुवारी १९९० मध्यें ती बाजारांत आणली. तेव्हांपासून छायाचित्रकार, चित्रकार व मुद्रक यांचें तिच्यावांचून चालेनासें झालें. मात्र तिची किंमत अमेरिकेच्या मिळकतीस अनुसरून होती. आपल्याकडे डीटीपीचीं दुकानें निघालीं तेव्हां एका सॉफ्टवेअरची किंमत ही लहान छापखान्याच्या कित्येक महिन्यांच्या नफ्याइतकी असे. सबब संगणक विकणाराच त्यांत सर्व कांहीं ‘घालून’ देऊं लागला, आणि घेणाराला आपण कांहीं चोरलें याची वार्ताहि नसे.

कायदा मात्र झोंपला नव्हता. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ च्या दुरुस्तीनें संगणकाची आज्ञावली ही ‘वाङ्मयीन कृति’ ठरविण्यांत आली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें फोटोशॉप व एखादी कादंबरी हीं भावंडेंच झालीं. १९९४ च्या दुरुस्तीनें त्रेसष्ट-बी हें कलम घातलें. चोरटी प्रत आहे हें माहीत असून ती संगणकावर वापरणारास किमान सात दिवसांची व जास्तींत जास्त तीन वर्षांची कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी शिक्षा त्यांत सांगितली आहे. वापर नफ्यासाठीं अथवा धंद्यांत झालेला नसेल तर न्यायालयाला विशेष कारणें नमूद करून कैद माफ करतां येते व दंड कमी करतां येतो. घरीं शिकणारी मुलगी व जाहिराती करून पैसे मिळविणारें दुकान यांतील भेद कायद्यानें ओळखला आहे, ही त्यांतली शहाणपणाची गोष्ट होय. परंतु भेद शिक्षेंत आहे. कृत्याला निर्दोष कोठेंच म्हटलेलें नाहीं.

आतां नेहमींचा बचाव घेऊं. कंपन्या कोट्यधीश आहेत, त्यांचें काय बिघडतें? आम्ही तर पुढें जाऊन म्हणतों कीं कित्येकदां त्यांचें कांहींच बिघडत नाहीं. उलट भलें होतें. प्रत्येक चोरटी प्रत म्हणजे एक बुडालेलें गिऱ्हाईक, असें समजून कंपन्या जो तोटा मांडतात तो फुगविलेला असतो. कारण ज्या विद्यार्थ्याची ऐपतच नव्हती तो विकत घेणारच नव्हता. खुद्द गेट्सनें १९९८ सालीं विद्यार्थ्यांपुढें बोलतांना चीनविषयीं अशा अर्थाचें सांगितलें कीं, तेथील लोक चोरणारच असतील तर त्यांनीं आमचेंच चोरावें. त्यांना त्याची चटक लागेल आणि मग पैसे कसे वसूल करावयाचे तें आम्ही पाहूं. चोरी करणारास आपण धनिकाला नाडतों असें वाटत असतें. धनिकाला मात्र तें उद्यांचें गिऱ्हाईक दिसत असतें.

मग नाडला कोण जातो? येथें डिकन्सच्या अमेरिकेची आठवण करावी. फोटोशॉप फुकट मिळत असतां दहापट स्वस्त पण कमी नांवाजलेलें सॉफ्टवेअर कोण विकत घेईल? तें रचणारा लहान कारागीर बाजारांतून उठतो, आणि मक्तेदारी चोरांच्याच हातून पक्की होते. आमच्या भाषेपुरतें बोलावयाचें तर ही गोष्ट अधिकच झोंबणारी आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे गेल्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानभर नांवाजलेले होते. पोलादावर अक्षर उलटें कोरावयाचें, तें तांब्यावर ठोकावयाचें, त्या साच्यांत खिळा ओतावयाचा. आणि जोडाक्षरांमुळें हें शेंकडों वेळां करावयाचें. विजेच्या साहाय्यानें तयार खिळ्यावरून साचा उतरविण्याची युक्ति एकोणिसाव्या शतकांत निघाली तेव्हां हे श्रम दुसऱ्यास आयते उपटतां येऊं लागले, आणि पाश्चात्य ओतशाळांत त्यावरून पुष्कळ भांडणें झालीं. आजच्या संगणकी फॉन्टलाहि शेंकडों आकार रेखावे लागतात. त्याचें गिऱ्हाईक जगभर पसरलेलें नाहीं. मराठी व हिंदी छापणारीं दुकानें, एवढेंच. म्हणूनच पुण्यामुंबईच्या मराठी सॉफ्टवेअरबरोबर कुलपाची भौतिक किल्ली, म्हणजे ‘डोंगल’, येई. जगड्व्याळ कंपनीला जें ओरखड्यासारखें वाटतें, तें अशा लहान बाजारांतल्या कारागिराला वर्मीं लागतें. ज्या दुकानानें मराठी पुस्तकें चोरट्या मराठी फॉन्टवर जुळविलीं, त्यानें आपल्याच भाषेचा अक्षरकार उपाशी ठेवला.

चोरट्या प्रतीचा दुसरा बळी खुद्द वापरणाराच असतो. कुलूप फोडणारा कोण, त्यानें आंत काय ठेवलें, हें घेणाराला कळण्याचा मार्ग नसतो. ही प्रत चालू करण्यासाठीं तो संगणकाचा राखणदार, म्हणजे अँटिव्हायरस, स्वतः बंद करतो आणि घराच्या किल्ल्या, म्हणजे आपला पासवर्ड, अनोळखी माणसाच्या हातीं देतो. जानेवारी १९०९ मध्यें नव्हे, अगदीं अलीकडे, जानेवारी २००९ मध्यें, ॲपल कंपनीच्या ‘आयवर्क’च्या व पाठोपाठ फोटोशॉपच्या चोरट्या प्रतींबरोबर एक छुपी घातकी आज्ञावली पसरली व त्या संगणकांचा ताबा परक्यांच्या हातीं गेला. २०१९ सालीं संगीतरचनेच्या चोरट्या सॉफ्टवेअरांत दडलेला एक उपद्रव उघडकीस आला. तो त्या यंत्राची शक्ति गुपचूप वापरून दुसऱ्यासाठीं आभासी चलन मिळवीत असे. २०२० सालीं ‘एबल्टन लाइव्ह’ या संगीताच्या सॉफ्टवेअरच्या व इतर कांहींच्या चोरट्या प्रतींतून असा उपद्रव पसरला कीं, तो संगणकांतील कागदपत्रें व चित्रें कुलूपबंद करून खंडणी मागे. वर्षभर खपून केलेलें काम एका रात्रींत ओलीस जावें, आणि ज्याचें गेलें त्याला उजळ माथ्यानें दाद मागण्याचीहि चोरी! फुकट घेतलेल्या वस्तूची किंमत येथें स्वतःच्या कलाकृतींनीं चुकती करावी लागते.

एवढें म्हटल्यावर कंपन्यांच्या पदरीं दोष नाहींत असें कोणीं समजूं नये. ॲडोबीनें मे २०१३ मध्यें जाहीर केलें कीं यापुढें एकदांच पैसे देऊन कायमचें विकत घेण्याची नवी आवृत्ति निघणार नाहीं. भाडें भरीत राहिलें पाहिजे. कुंचला विकत न मिळतां महिन्याच्या भाड्यानें मिळावा, आणि भाडें थकलें कीं हातांतून काढून घेतला जावा, हें कोणत्याहि कलावंतास जाचणारेंच आहे. ऑक्टोबर २०१९ मध्यें अमेरिकन सरकारच्या हुकुमाचें कारण देऊन या कंपनीनें व्हेनेझुएलांतील सर्व खातीं बंद करण्याचें जाहीर केलें होतें. परवाना मिळाल्यावर त्याच महिन्यांत तिनें तो निर्णय फिरविला, ही गोष्ट वेगळी. प्रामाणिकपणें पैसे भरणारासहि उद्यांची शाश्वति नाहीं, हें यावरून दिसलें. परंतु सावकार निर्दय आहे म्हणून त्याचें घर फोडावें असें कोणी म्हणत नाहीं. त्याच्याशीं व्यवहार सोडावा, असें म्हणतात. कंपनीच्या जुलमाचें खरें उत्तर तिच्या मालाची चोरी नसून तिच्या मालावांचून चालवून दाखविणें हें आहे.

आणि तसें चालवून दाखविणारे लोक निघाले, हा या इतिहासाचा सर्वांत उत्साहवर्धक भाग होय. रिचर्ड स्टॉलमन यानें १९८३ सालीं मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ पुकारली. सॉफ्टवेअर वांटून घेणें हा शेजारधर्म आहे, असें मानणारा हा मनुष्य. पण त्यानें दुसऱ्याचें कुलूप फोडण्याचा मार्ग न धरतां स्वतः नवें घर बांधून त्याचीं दारें उघडीं ठेवलीं; आणि तीं पुन्हां कोणी लावूं नयेत म्हणून कॉपीराइटच्या कायद्याचाच आधार घेतला. बर्कले येथील स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनीं चित्रें सुधारण्याचें ‘गिंप’ हें मुक्त सॉफ्टवेअर १९९६ सालीं लोकांपुढें ठेवलें. हॉलंडच्या टॉन रोझेंडाल यानें रचलेल्या ‘ब्लेंडर’ची कथा तर विशेषच आहे. त्याच्या कंपनीला भांडवल पुरविणारांनीं २००२ सालीं काम बंद केलें. एक लाख युरो दिल्यास हें सॉफ्टवेअर मुक्त करूं, असें ठरलें, आणि वापरणारांनीं तें द्रव्य अवघ्या सात आठवड्यांत वर्गणीनें जमविलें. ऑक्टोबर २००२ मध्यें ब्लेंडर सर्वांचें झालें. पुढें २०२५ सालीं लॅट्व्हिया या चिमुकल्या देशांतील गिंट्स झिल्बालोडिस याच्या ‘फ्लो’ या चित्रपटास उत्कृष्ट सजीवपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. तो चित्रपट ब्लेंडरवर घडविलेला होता. महागड्या साधनांवांचून मोठी कला होत नाहीं, ही सबब त्या दिवशीं संपली. आपल्याकडेहि मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या मंडळीनें ‘मुक्त’ व ‘बलू’ यांसारखे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यानें सर्वांना वापरावयास दिले आहेत.

मुक्त सॉफ्टवेअर व चोरटें सॉफ्टवेअर यांत पैसा द्यावा लागत नाहीं एवढेंच साम्य आहे. एक दात्यानें ओंजळीत घातलेलें आहे, दुसरें त्याच्या पाठीमागें उचललेलें आहे. म्हणून या सर्व प्रश्नाचा निवाडा ‘धन्याचें काय कमी झालें’ या जुन्या मापानें होणार नाहीं. ‘करणाराची संमति आहे काय’ हें येथील माप आहे. जो कलावंत होऊं पाहतो त्याला तर हें माप सर्वांआधीं मानणें भाग आहे. कारण उद्यां त्याचीं चित्रें, त्याच्या चाली, त्याचीं अक्षरें अशाच नकलेवर सोपविलीं जाणार आहेत. आपलें मुखपृष्ठ कोणी न विचारतां छापलें तर जो संतापून उठतो, त्यानें तें मुखपृष्ठ चोरट्या साधनावर रेखलेलें असेल, तर त्याच्या संतापाला नैतिक बळ कोठून येणार?

सबब घरच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंति एवढीच. मुलानें चोरटी प्रत आणली तर त्याला चोर म्हणून हिणवूं नये. ज्या जगांत तो वाढला त्यानें त्याला हें शिकविलें आहे. शिकाऊ हाताला पुरेल असें साधन मुक्तपणें दिलेलें आहे, तें त्याच्यापुढें ठेवावें. धंदा करावयाचा तर भाडें किंवा किंमत ही दुकानाच्या खर्चांत धरावी, जशी आपण कागदाची व शाईची धरतों. आणि मराठी अक्षरें घडविणाऱ्या लहान कारागिराचा माल घेतांना तरी घासाघीस न करतां पैसे मोजावेत. अमेरिकेला आपल्या ग्रंथकारांची आठवण होण्यास शंभर वर्षें लागलीं. आपल्या अक्षरकारांना एवढा वेळ थांबवत ठेवणें आपणांस परवडणारें नाहीं.